बोट धक्क्याला, प्रवासी रस्त्यावर

मुंबई बंदराच्या इंदिरा गोदीत, बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर उभारलेले आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल २०२५ साली सुरू झाले. ४ लाख १५ हजार चौरस फुटांचा विस्तार, वर्षाकाठी दहा लाख प्रवाशांची ये-जा होऊ शकेल एवढी क्षमता, एकाच वेळी पाच बोटी लागण्याची व्यवस्था आणि तपासणी व पारपत्र यांसाठी ७२ खिडक्या, असे त्याचे वर्णन सरकारने केले आहे. ते वर्णन खोटे नाही. वास्तू देखणी आहे आणि अशा वास्तूची गरज मुंबईला दीर्घकाळ भासत होती, हेही मान्य केले पाहिजे. तथापि या साऱ्या आकड्यांत एक गोष्ट ठळकपणे जाणवते. हे आकडे टर्मिनलच्या दारापासून सुरू होतात आणि बोटीच्या शिडीपाशी संपतात. प्रवासी त्या दारापर्यंत कसा पोहोचणार, बोट सुटण्यापूर्वीची रात्र तो कोठे काढणार आणि हाती असलेले चार-सहा तास सामानसुमानासह कोठे घालवणार, या प्रश्नांची उत्तरे त्या वर्णनात सापडत नाहीत. ती शोधण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हेही निश्चित झालेले नाही.

प्रश्न वरकरणी किरकोळ वाटेल. क्रूझने फिरणारा प्रवासी पैसेवाला, त्याची काळजी समाजाने कशाला वाहावी, असा आक्षेपही घेतला जाईल. परंतु २०१८ साली मुंबई–गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली आणि २०२१ पासून मुंबईहून देशांतर्गत सागरी सहली निघू लागल्या, तेव्हापासून या प्रवाशाचा चेहरा बदलत गेला आहे. दोन-तीन रात्रींच्या सहलीसाठी येणाऱ्यांत निवृत्त शिक्षक असतात, नवविवाहित जोडपी असतात, आईवडिलांना आयुष्यात एकदा समुद्र दाखवावा म्हणून वर्षभर पैसे साठवणारी कुटुंबे असतात. ही मंडळी केवळ मुंबईची नसतात. नागपूर, सोलापूर, कोल्हापूर, नाशिक येथून ती येतात आणि त्यांच्यासाठी सहलीची सुरुवात बोटीवर होत नाही. ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फलाटावर होते.

सकाळची गाडी, दुपारची बोट

या प्रवाशाची दिनचर्या पाहण्यासारखी आहे. विदर्भ, सिद्धेश्वर, महालक्ष्मी या रात्रीच्या गाड्या मुंबईत सकाळी येतात. बोटीवर प्रवेश बहुधा दुपारनंतर मिळतो आणि सुटण्याच्या वेळेआधी बराच काळ दारे बंद होतात. म्हणजे गाडी वेळेवर आली तर कुटुंबाला अर्धा दिवस रस्त्यावर काढावा लागतो, आणि गाडी फारच रखडली तर सहल हातची जाते. रेल्वेची एक गाडी चुकली तर दुसरी मिळते. बोट चुकली तर पैसेही जातात आणि योगही जातो. म्हणून शहाणा प्रवासी आदल्या दिवशीच येतो. जगभर समुद्रप्रवासाचा हा अलिखित नियम आहे आणि म्हणूनच जगातील बहुतेक मोठ्या बंदरांत धक्क्याच्या आसपास वसतिगृहे, खानावळी आणि हॉटेले उभी राहिली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन बंदरात रेल्वे स्थानकाला लागून असलेल्या साउथ वेस्टर्न हॉटेलात १९१२ च्या एप्रिलमध्ये ‘टायटॅनिक’चे काही श्रीमंत प्रवासी आदल्या रात्री उतरले होते, इतर अनेकजण दुसऱ्या दिवशी लंडनहून निघालेल्या खास गाडीने थेट गोदीत आले. रेल्वे, निवास आणि धक्का या तीन गोष्टी एकमेकींना जोडलेल्या असाव्यात, हे तेथील व्यवस्थापकांना शंभर वर्षांपूर्वी कळलेले होते.

ते मुंबईलाही कळलेले होते, हे विशेष. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, १९१४ साली सुरू झाली. तिच्या खोदकामातून निघालेल्या भरावावर बॅलार्ड इस्टेटची सुमारे बावीस एकर जमीन तयार झाली आणि जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार तेथे दगडी इमारतींची शिस्तबद्ध वसाहत उभी राहिली. परदेशी टपालबोटींचे प्रवासी याच धक्क्यावर उतरत आणि धक्क्यालगतच्या मोल स्टेशनातून आगगाडीत बसत. १९१२ साली सुरू झालेली ‘पंजाब लिमिटेड’ येथूनच पेशावरकडे निघत असे. साहेबाची सोय व्हावी म्हणून ही व्यवस्था होती, यात शंका नाही. साम्राज्याची टपाल आणि साम्राज्याचे अधिकारी एक दिवसही वाया न जाता सरहद्दीपर्यंत पोहोचावेत, हा तिचा हेतू होता. पण हेतू काहीही असो, बोट आणि गाडी यांच्यातील अंतर त्या काळी काही पावलांचे होते. ते स्टेशन केव्हाच बंद झाले. आज टर्मिनसपासून टर्मिनलपर्यंतचे अंतर दोन किलोमीटरांच्या आत आहे; परंतु ते कापण्यासाठी वयस्क माणसाला तीन बॅगा घेऊन टॅक्सीवाल्याची मनधरणी करावी लागते. एवढ्या जवळचे भाडे टॅक्सीवाल्याला परवडत नाही आणि रिक्षांना शहराच्या या भागात मज्जाव आहे.

थांबणाऱ्यांचे शहर

निवासाचा इतिहास तर अधिकच बोधप्रद आहे. मुंबई हे जसे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे तसेच थांबणाऱ्यांचेही शहर होते. बोटीची वाट पाहणे हा समुद्रप्रवासाचाच एक भाग होता आणि त्यासाठी या शहराने नाना प्रकारची आश्रयस्थाने निर्माण केली. युरोपीय खलाशांसाठी ‘रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम’ १८७६ साली बांधून झाले. पुढे तेथे विधिमंडळ भरू लागले आणि आज त्याच इमारतीत राज्याच्या पोलीस दलाचे मुख्यालय आहे. धनिक प्रवाशांसाठी आधी वॉटसन्स हॉटेल होते, १९०३ साली ताजमहाल हॉटेल उघडले. हज यात्रेकरूंसाठी दानशूर मुस्लिम व्यापाऱ्यांनी मुसाफिरखाने उभारले. क्रॉफर्ड मार्केटजवळचा हाजी साबू सिद्दिक मुसाफिरखाना त्यांपैकी सर्वपरिचित. १९९५ साली समुद्रमार्गे हज यात्रा थांबेपर्यंत देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले यात्रेकरू बोट लागेपर्यंत अशा ठिकाणी मुक्काम करीत.

गोव्याच्या दर्यावर्दी कामगारांनी आणखी वेगळी वाट काढली. धोबीतलाव आणि माझगाव परिसरात त्यांच्या गावोगावच्या ‘कुडी’ निघाल्या. एका बोटीवरून उतरलेला तारवटी दुसऱ्या बोटीवर काम मिळेपर्यंत आपल्या गावच्या कुडीत राही. सामान ठेवायला एक पेटी, झोपायला जमीन, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना आणि परवडेल एवढी वर्गणी, एवढाच तिचा थाट. जेर महालासारख्या इमारतींत अशा कुडी आजही तग धरून आहेत. कोकणच्या चाकरमान्यांच्या गिरगाव-लालबागमधील गावकीच्या खोल्या याच जातीच्या. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशा बंदरांना जाणाऱ्या बोटी भाऊच्या धक्क्यावरून सुटत, तेव्हा वळकटी आणि ट्रंक घेऊन आदल्या रात्रीपासून धक्क्यावर पथारी पसरणारी माणसे हे मुंबईचे नित्याचे दृश्य होते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. घरी सणाला पोहोचण्याच्या ओढीने त्या दिवशी किती गर्दी झाली होती, हे कोकणातील जुनी कुटुंबे अद्याप विसरलेली नाहीत. धक्क्यावरील व्यवस्था हा चैनीचा विषय नसून सुरक्षिततेचा विषय आहे, हा त्या दुर्घटनेचा धडा होता.

‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ यांचा जमाना संपला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि मुंबईकरांचा समुद्राशी असलेला प्रवासाचा संबंध जवळजवळ तुटला. त्याबरोबर थांबण्याची ती सारी व्यवस्थाही विरून गेली. ध्यानात घेण्याजोगी बाब अशी, की ही व्यवस्था सरकारने क्वचितच निर्माण केली होती. ती जातगंगेने, गावकीने, धर्मादायाने आणि बोट कंपन्यांनी उभी केली होती. आजच्या क्रूझ प्रवाशाच्या पाठीशी अशी कोणतीही गावकी नाही. तो एकट्याने, आपल्या मोबाइलवर तिकीट काढून येतो. म्हणूनच पूर्वी समाजाने उचललेला भार आता सार्वजनिक संस्थांनी उचलावा लागणार आहे. निदान तो उचलला जातो आहे की नाही, हे पाहण्याचे काम तरी त्यांना टाळता येणार नाही.

गणित साधे आहे

परिस्थितीचे गांभीर्य समजण्यासाठी फार मोठ्या अभ्यासाची आवश्यकता नाही. साधे त्रैराशिक पुरेसे आहे. दोन हजार प्रवाशांची एक बोट सकाळी धक्क्याला लागली आणि संध्याकाळी पुन्हा निघाली, तर सकाळी दोन हजार माणसे उतरतात आणि दुपारी दुसरी दोन हजार चढतात. सामानासह एका टॅक्सीत तिघेजण बसतात असे धरले, तर चढणाऱ्यांसाठीच साडेसहाशेहून अधिक फेऱ्या लागतील. त्या चार तासांत विभागल्या तर दर मिनिटाला जवळजवळ तीन गाड्या टर्मिनलच्या दाराशी आल्या पाहिजेत. त्याच दिवशी बोटीवर चढवायचे धान्य, भाजीपाला, पाणी आणि धुतलेले कपडे यांचे ट्रकही गोदीच्या दारांतून आत शिरणार. हा हिशेब एका बोटीचा झाला. टर्मिनलची क्षमता पाच बोटींची आहे आणि बाहेर बॅलार्ड इस्टेटचे रस्ते १९१४ च्या घोडागाड्यांना आणि मोजक्या मोटारींना पुरतील अशा बेताने आखलेले आहेत.

हाँगकाँगला हा अनुभव येऊन गेला आहे. तेथील काई टाक विमानतळ बंद पडल्यावर त्याच्या जुन्या धावपट्टीच्या टोकाशी भव्य क्रूझ टर्मिनल बांधण्यात आले आणि २०१३ मध्ये ते सुरू झाले. वास्तूच्या रचनेची वाखाणणी झाली. परंतु भुयारी रेल्वे तिथवर पोहोचली नाही, नियोजित उन्नत रेल्वेचा बेत २०२० मध्ये सोडून देण्यात आला, आणि २०२३ साली महासाथीनंतर मोठ्या बोटी पुन्हा येऊ लागल्या तेव्हा उतरलेल्या प्रवाशांना टॅक्सीसाठी लांबच लांब रांगांत तिष्ठत राहावे लागले. उत्तम सार्वजनिक वाहतुकीबद्दल जगात नावाजलेल्या शहराची ही कथा. याउलट सिंगापूरने मरीना बे येथील टर्मिनल २०१२ मध्ये उघडले आणि दोन वर्षांत त्याच्या शेजारी भुयारी रेल्वेचे स्थानक सुरू केले. दोन्ही शहरांजवळ पैसा होता. सिंगापुरात धक्क्याची वास्तू आणि तिथवर नेणारी रेल्वे यांचा मेळ वेळेवर बसला. हाँगकाँगात तो बसला नाही.

मुंबईची स्थिती या दोहोंच्या मधली आहे आणि म्हणून ती निराशाजनक नाही. किंबहुना दूरच्या प्रवाशासाठी शहराची दारे गेल्या काही वर्षांत कधी नव्हती इतकी उघडली आहेत. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रोची तिसरी मार्गिका कफ परेडपर्यंत पूर्ण झाली; त्यामुळे विमानतळावर उतरलेला माणूस गाडी न बदलता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा हुतात्मा चौकापर्यंत येऊ शकतो. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. पूर्व मुक्त मार्ग २०१३ पासूनच गोदीच्या दाराशी येऊन ठेपलेला आहे. हजारो कोटी रुपये खर्चून प्रवाशाला बंदरापासून दीड-दोन किलोमीटरांपर्यंत आणून सोडण्याची व्यवस्था झाली. उणीव आहे ती त्या शेवटच्या दीड-दोन किलोमीटरांची; आणि ती भरून काढायला कोटींची नव्हे, काही लाखांची आणि थोड्या समजूतदारपणाची गरज आहे.

दाराबाहेर कोणाचे राज्य?

मग अडते कोठे? अडते ते हद्दींत. टर्मिनल बंदर प्राधिकरणाचे, म्हणजे केंद्र सरकारचे. दाराबाहेरचा रस्ता महापालिकेचा. त्या रस्त्यावरील रहदारी पोलिसांची, म्हणजे राज्याची. बस ‘बेस्ट’ची, मेट्रो वेगळ्या महामंडळाची, स्थानक रेल्वेचे आणि टॅक्सीचे दर परिवहन प्राधिकरणाचे. यांतील प्रत्येक संस्था आपापल्या हद्दीपुरती दक्ष असते. प्रवाशाचा प्रवास मात्र एकसंध असतो. त्याला हद्दी दिसत नाहीत, फक्त गैरसोय दिसते. बेस्टचा स्वतःचा ताफा गेल्या काही वर्षांत आटत चालला असून मे २०२५ मध्ये तिचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. अशा संस्थेने महिन्यातून काही दिवस येणाऱ्या बोटींसाठी आपणहून गाड्या काढाव्यात, ही अपेक्षाच अवाजवी आहे. तिला कोणी तरी त्याचा मोबदला दिला पाहिजे.

तो मोबदला प्रवाशाकडूनच, तिकिटातील बंदर आकाराच्या एका अल्प अंशातून, देता येईल. रेल्वे टर्मिनस, मेट्रोची दोन स्थानके, चर्चगेट आणि टर्मिनल अशी बोटींच्या वेळापत्रकाशी जुळलेली बससेवा, तिचे भाडे तिकिटातच समाविष्ट. टर्मिनलच्या दाराशी आणि रेल्वे स्थानकावर अगोदर पैसे भरून मिळणाऱ्या टॅक्सीची खिडकी, जेणेकरून जवळच्या भाड्याला नकार मिळणार नाही. आणि बोट सुटण्याच्या दिवशी सकाळपासून सामान स्वीकारणारा कक्ष. एवढ्या तीन गोष्टी झाल्या तरी चित्र पालटेल. सामानाचा भार उतरलेला माणूस शहराकडे पाहू लागतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय तेथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. टर्मिनसची इमारत २००४ मध्ये आणि ओव्हल मैदानाभोवतालच्या इमारती २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आल्या. बॅग घेऊन बाकावर बसलेल्या माणसाला यांतले काहीच दिसत नाही आणि त्याच्याकडून शहरातील कोणालाही चहापलीकडे दमडी मिळत नाही.

येथे अर्थकारणाचा मुद्दा येतो. बोट जेथून सुटते ते मूळ बंदर आणि बोट जेथे काही तासांसाठी थांबते ते वाटेवरचे बंदर, यांत महदंतर आहे. वाटेवरच्या बंदरात प्रवासी सकाळी उतरतो, छायाचित्रे काढतो आणि जेवायला बोटीवर परततो. व्हेनिसने २०२१ मध्ये मोठ्या बोटींना शहराच्या मधल्या कालव्यातून हद्दपार केले आणि बार्सिलोनाने २०२५ मध्ये २०३० पर्यंत सातपैकी दोन टर्मिनले कमी करण्याचा करार केला. या निर्णयांमागे प्रदूषण व गर्दी ही कारणे होतीच. पण अशा पाहुण्यांचा भार सारे शहर वाहते आणि लाभ थोड्यांनाच होतो, हा असंतोषही होता. मूळ बंदरातील प्रवासी मात्र आदल्या रात्री राहतो, जेवतो, खरेदी करतो, टॅक्सीने फिरतो. मुंबई हे मूळ बंदर आहे, हे तिचे भाग्य. परंतु ती रात्र राहण्यासारखी जागा नसेल, तर मूळ बंदर असूनही वाटेवरच्या बंदराचीच गत तिला प्राप्त होईल: गर्दी आपली, कमाई बोटीची.

मधली पायरी हरवलेली

फोर्ट-कुलाबा परिसरातील निवासाचे दोन टोके गाठणारे स्वरूप सर्वांना ठाऊक आहे. एका टोकाला तारांकित हॉटेले, दुसऱ्या टोकाला गल्लीबोळांतील लॉज, ज्यांत कुटुंबकबिल्यासह उतरताना माणूस दहादा विचार करतो. मधली पायरी, म्हणजे स्वच्छ, सुरक्षित आणि मध्यमवर्गाला परवडणारी खोली, दुर्मीळ आहे. रेल्वेची विश्रांतिगृहे आहेत, २०२२ पासून टर्मिनसमध्ये लहान कप्प्यांसारखी शयनस्थानेही आली. पण त्यांची संख्या रेल्वेच्याच प्रवाशांना पुरी पडत नाही. परिणामी सोलापूरचे कुटुंब ठाण्याच्या वा डोंबिवलीच्या नातलगांकडे उतरते आणि बोटीच्या दिवशी सामानासह उपनगरी गाडीच्या गर्दीत घुसते. ज्याला नातलग नाही, तो सहलीच्या खर्चात हॉटेलच्या एका रात्रीची भर घालतो किंवा सहलीचा बेतच रद्द करतो.

जागा नाही, ही सबब मात्र येथे चालणार नाही. बंदर प्राधिकरणाच्या ताब्यात पूर्व किनाऱ्यावर सुमारे सातशे हेक्टर जमीन आहे. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाल्यापासून कंटेनरची वाहतूक तिकडे वळत गेली, गोदी कामगारांची संख्या घटत गेली आणि कित्येक गुदामे ओस पडली. बॅलार्ड इस्टेटमधील कचेऱ्यांचा ओघही वांद्रे-कुर्ला संकुलाकडे गेला. संध्याकाळी सातनंतर ती देखणी वसाहत निर्मनुष्य होते. या जमिनीचा विचार करण्यासाठी नेमलेल्या राणी जाधव समितीने २०१४ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर आराखडे झाले, चर्चा झाल्या. परंतु मुंबईकराच्या मनात एक धास्ती कायम आहे आणि ती निराधार नाही. गिरण्यांच्या जमिनीचे एक-तृतीयांश वाटपाचे सूत्र १९९१ च्या नियमावलीत होते. २००१ मध्ये ते बदलले, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला आणि मोकळी मैदाने व घरे यांच्या जागी मनोरे आणि बाजारसंकुले उभी राहिली. ‘पर्यटन’ हा शब्द पूर्व किनाऱ्यावरील तशाच व्यवहाराचा मुखवटा ठरू नये, ही अपेक्षा रास्त आहे.

म्हणून नवे मनोरे बांधण्यापेक्षा जुन्या इमारतींचा उपयोग करणे श्रेयस्कर. जमिनीची मालकी प्राधिकरणाकडेच ठेवून, ठरावीक मुदतीच्या करारावर, दराची कमाल मर्यादा घालून, बॅलार्ड इस्टेटमधील एखाद-दुसऱ्या रिकाम्या इमारतीत यात्रीनिवास चालवता येईल. येथे ऋतुमानाचाही विचार हवा. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असताना मुंबईहून क्रूझ निघत नाहीत. केवळ बोटींवर अवलंबून असलेले निवासस्थान चार महिने रिकामे राहील आणि बुडेल. तेच निवासस्थान उच्च न्यायालयात तारखेला येणारे पक्षकार, मंत्रालयात खेटे घालणारे ग्रामस्थ, सेंट जॉर्ज व कामा रुग्णालयांतील रुग्णांचे नातलग यांनाही खुले ठेवले, तर ते बाराही महिने भरलेले राहील आणि सार्वजनिक जमिनीचा तो सार्वजनिक उपयोग ठरेल. गोदी कामगारांच्या मुलांना तेथे कामात प्राधान्य दिले, तर ज्या वस्तीने या बंदरासाठी पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला तिलाही या नव्या व्यवसायाचा वाटा मिळेल.

आक्षेप आणि उत्तर

याविरुद्ध एक गंभीर आक्षेप आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. ज्या शहरात लक्षावधी माणसे रोज उपनगरी गाडीच्या दाराला लोंबकळतात, भाऊच्या धक्क्यावरून उरण-रेवसला जाणाऱ्या साध्या लाँचच्या प्रवाशाला धड निवारा नाही, तेथे सहलीला निघालेल्यांसाठी खास बस आणि निवास यांचा विचार करणे हा अग्रक्रमाचा विपर्यास नव्हे काय? गेटवेजवळील रेडिओ क्लबच्या नव्या जेट्टीला कुलाब्यातील रहिवाशांनी विरोध केला, २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने अटी घालून तिला परवानगी दिली. त्या वादाच्या मुळाशीही पर्यटनाचा भार स्थानिकांनी किती सोसावा, हाच प्रश्न होता.

आक्षेपाचे उत्तर असे, की मोठा खर्च होऊन गेलेला आहे. टर्मिनल सार्वजनिक मालकीच्या जमिनीवर उभे आहे आणि सप्टेंबर २०२४ मध्ये घोषित झालेल्या ‘क्रूझ भारत मिशन’नुसार २०२९ पर्यंत देशात दहा सागरी टर्मिनले उभारण्याचे उद्दिष्ट आहे. वाढ होणार हे गृहीत आहे. प्रश्न आहे तो वाढ कोणाच्या अंगावर पडणार, हा. बससेवा नसेल तर शेकडो टॅक्सी आणि खासगी मोटारी त्याच अरुंद रस्त्यांवर येतील आणि त्याचा त्रास बॅलार्ड इस्टेटमधील कारकुनाला, पी. डिमेलो मार्गावरील हमालाला आणि रुग्णवाहिकेतील रोग्याला होईल. धक्क्याला जोडणारी बस भाऊच्या धक्क्यापर्यंत नेली, तर तिचा लाभ मांडवा-रेवसच्या प्रवाशाला आणि कोळणीलाही होईल. सहलीच्या प्रवाशाची सोय आणि रोजच्या प्रवाशाची सोय यांत विरोध मानण्याचे कारण नाही; एकाच्या तिकिटातून दुसऱ्याची बस चालावी, अशी योजना आखणे हेच प्रशासनाचे कौशल्य.

यासाठी पहिले पाऊल अगदी साधे आहे. ज्या दिवशी बोट लागणार त्या दिवसापुरता दाराच्या आतील व बाहेरील व्यवस्थेसाठी एकच जबाबदार अधिकारी असावा आणि त्याचे म्हणणे बंदर, महापालिका, पोलीस आणि बेस्ट या चौघांनीही मानावे. गणेश विसर्जनाच्या दिवशी हीच यंत्रणा असा समन्वय दरवर्षी करून दाखवते. लाखोंचा जनसमुदाय जे शहर चौपाटीवर नेते आणि सुखरूप परत आणते, त्याला दोन हजार प्रवाशांना धक्क्यावर पोहोचवणे अशक्य आहे, असे कोणी म्हणणार नाही.

बोट कोणासाठी थांबत नाही, हा दर्यावर्दींचा जुना नियम आहे आणि तो बदलणार नाही. बोटीसाठी थांबणाऱ्या माणसाला रात्री पाठ टेकायला जागा आणि सकाळी धक्क्यावर न्यायला वाहन द्यावे, हा बंदराच्या शहराचाही तितकाच जुना धर्म होता. सेलर्स होम, मुसाफिरखाना, कुड आणि गावकीच्या खोल्या यांनी तो आपापल्या परीने पाळला. ७२ खिडक्यांचे टर्मिनल बांधणाऱ्यांनी तो पाळला की नाही, याचा निवाडा खिडकीशी उभा असलेला प्रवासी करणार नाही. तो रस्त्याच्या कडेला बॅगेवर बसून टॅक्सीची वाट पाहणारा प्रवासी करील.